रिकामटेकड्याचा तारा

१

“मावशी, आमच्याकडे चोरी झाली,” फोनवर भाचा म्हणाला.

“काय गेलं?”

“बाबांचं नाव.”

मावशीने हातातला कप खाली ठेवला. तिची सगळी नोकरी विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली होती. जळालेली गोदामं, बुडालेल्या होड्या, चोरीला गेल्या म्हणून रडून सांगितलेल्या आणि मग सख्ख्या मेव्हण्याच्या गॅरेजात सापडलेल्या मोटारी, सगळं तिचं पाहून झालं होतं. पण नाव चोरीला गेल्याचा दावा आजवर तिच्या टेबलावर आला नव्हता. निवृत्त झाल्यापासून लोक तिला फार तर हरवलेला चष्मा शोधायला सांगत. तिला एकदम दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं.

“नीट सांग. आणि आधी रडणं थांबव.”

“रडत नाहीये गं, सर्दी झालीये. बाबा माझ्या बायकोला चोर म्हणाले. ती बॅग भरतेय. संध्याकाळपर्यंत काही झालं नाही तर आमचा तारा बेवारस होणार. तू ये.”

“तारा? कसला तारा? आणि तुझी आई कुठेय?”

“आई रविवारी धाकटीकडे गेली, बाळ झालंय ना तिला. आईला यातलं काही कळवायचं नाही अशी बाबांची सक्त ताकीद आहे. आणि तारा म्हणजे आकाशातला. खराखुरा. आमच्या कॉम्प्युटरला सापडलाय.”

मावशीने चहा तसाच टाकला आणि पायांत चपला सरकवल्या.

२

बहिणीच्या दारावर घराचा क्रमांक होता, अकरा. पितळेचे दोन इंग्रजी एक. त्यातल्या दुसऱ्याचा खिळा सैल होऊन तो तिरका लोंबत होता. मावशीने तो सवयीने सरळ केला, तो सवयीने पुन्हा तिरका झाला.

आत बैठकीच्या खोलीत तिचे भावोजी खुर्चीत बसले होते. दाढी केलेली नव्हती. खिडकीखालच्या टेबलावर कॉम्प्युटर होता, त्याच्या पडद्यावर ताऱ्यांचा गोल संथपणे फिरत होता, आणि त्याचा पंखा असा घरघरत होता की बोलताना आवाज चढवावा लागावा.

“हाच तो रिकामटेकडा,” भावोजी म्हणाले. आवाजात राग होता, पण नाव घेताना जरा माया आलीच.

हे नाव खरं म्हणजे त्यांचंच. कारखान्यात ते क्रेन चालवायचे. कारखाना बंद पडला, क्रेन भंगारात गेली आणि भावोजी घरी बसले. बसले ते बसलेच. जिन्यात जाता-येता लोक म्हणायचे, काय रिकामटेकडे, कसं काय? ते हसून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी जिना रिकामा दिसला तरच घराबाहेर पडायचे. मग मुलाचं लग्न झालं. सून आली ती शिकत असताना स्वतःच्या हातांनी जोडलेला कॉम्प्युटर घेऊन आली. शिक्षण तिने मध्येच सोडलं होतं. आता ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची आणि कॉम्प्युटर दिवसभर घरी बसून असायचा.

“एके दिवशी तीच म्हणाली मला,” भावोजी सांगू लागले, आणि सांगता सांगता रागसुद्धा विसरले. “बाबा, यालाही काम देता येतं. दुर्बिणींनी आकाशाचं इतकं काही टिपून ठेवलंय की शास्त्रज्ञांचे कॉम्प्युटर पुरत नाहीत. म्हणून ते त्याचे तुकडे करून घरोघरी पाठवतात, फुकट मदत करणाऱ्यांकडे. आपण कॉम्प्युटर वापरत नसलो की हा तुकडा काढतो आणि तपासत बसतो. एखादा तारा ठेका धरून टिकटिक करतोय का, बघतो. तोच तुकडा कुठल्या तरी दुसऱ्या घरीही जातो. दोघांचं उत्तर जुळलं तर खरं. मला काय वाटलं सांगू? रिकामा असताना राबणारा हा पहिलाच भेटला मला. त्यांच्या पानावर कॉम्प्युटरचं नाव विचारलं होतं. मी सांगितलं, लिही, रिकामटेकडा!”

तेव्हापासून ते रोज सकाळी रंगाच्या ब्रशने त्याच्या पोटातली धूळ झाडायचे. उन्हाळ्यात खिडकीजवळची हवेशीर जागा त्याला, आणि स्वतः घामाघूम कोपऱ्यात. कोणी कौतुक केलं तर म्हणायचे, छे, जोडलाय सुनेने, मी आपला धूळ पुसतो.

आणि शनिवारी पत्र आलं होतं. रिकामटेकड्याने तपासलेल्या एका तुकड्यात एक नवा तारा सापडला होता. आजवर कोणालाच माहीत नसलेला. दुसऱ्या घराचं उत्तरही जुळलं होतं. शोधाची बातमी छापायची होती, त्यात कोणाचं नाव घालायचं ते पानावरच्या चौकटीत भरा, खाली पत्ता लिहा, मानपत्र टपालाने पाठवतो.

“शनिवारी रात्री आम्ही कोणी नीट झोपलो नाही!” भावोजी म्हणाले. “मी नाव लगेच नाही भरलं. मधे वडिलांचं नाव घालावं की नको, याचा विचार करत होतो. कागदावर दोन्ही लिहून पाहिली. म्हटलं सोमवारी भरू. आणि आज सकाळी हे आलं. वाचा.”

मावशीने टेबलाशी बसून माउस हलवला. तारे गेले, पत्र उजळलं, आणि खोलीत एकदम इतकी शांतता झाली की भावोजींचं शेवटचं वाक्य उगाच ओरडल्यासारखं वाटलं.

पत्र इंग्रजीत आणि गोड होतं. ‘रिकामटेकडा’ या कॉम्प्युटरवरून आपण रविवारी पाठवलेलं उत्तर पोचलं. आपल्या इच्छेप्रमाणे आपल्या सुनेचं नाव छापत आहोत. फक्त पत्त्याच्या सुरुवातीला ‘ll’ अशी दोन अक्षरं आहेत, त्यांचा अर्थ लागला नाही. कृपया नाव आणि पत्ता आज संध्याकाळपर्यंत पक्का करा. उत्तर न आल्यास ‘एक अनामिक मदतनीस’ असं छापू.

“माझ्या इच्छेप्रमाणे!” भावोजींनी खुर्चीचा हात आपटला. “मी काही लिहिलंच नाही!”

“मग आता लिहा. संध्याकाळ व्हायला वेळ आहे.”

“नाही लिहिणार. घरातल्या माणसाच्या हातून हिसकावून घेऊन मला नाव नको. आणि कोणी केलं तेही मला माहीत आहे. साक्षीदार आहे माझ्याकडे.”

३

आतल्या खोलीत सूनबाई खरोखरच बॅग भरत होती. भिंतीशी काहीतरी चौकोनी, कापडाने झाकलेलं होतं, त्यावर बॅग उघडी पडली होती. भाचा दाराला टेकून उभा होता. त्याची सर्दी आणि दुःख आता वेगळं करता येत नव्हतं.

“तू बाहेर जा,” मावशी त्याला म्हणाली. “नाही, थांब. रविवारी दुपारी तू कुठे होतास?”

“बाबांबरोबर. जेवण झाल्यावर स्कूटर दुरुस्तीला नेली, संध्याकाळी अंधार पडायच्या आत परत आलो. सगळा वेळ ते वडिलांचं नाव घालू का, हेच विचारत होते. गॅरेजवाल्यालासुद्धा विचारलं त्यांनी.”

“आणि तू काय सांगितलंस?”

“मी म्हटलं, माझ्या बायकोचंही घाला ना. त्यांनी विषय स्कूटरवर नेला.”

मावशीने हे डोक्यात टिपलं. भाच्याला मनापासून असं वाटत होतं खरं, पण तो दुपारभर स्कूटरपाशी होता. तो गेल्यावर ती पलंगावर बसली.

“मावशी, मी नाही लिहिलं,” सूनबाई कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. “रविवारी डोकं ठणकत होतं, म्हणून मी जेवून इथेच पडले. झोप लागली. आईंना न्यायला गाडी आली तेव्हा त्यांनी उठवलं, त्यांना दारातून निरोप दिला आणि परत येऊन पडले. बैठकीच्या खोलीत पाऊल टाकलं ते थेट दिवे लावायला.”

“तुझं नाव छापून येणार, हे कळल्यावर कसं वाटलं?”

सूनबाईचे हात थांबले. “खोटं नाही बोलणार. पत्र मीच वाचून दाखवत होते. माझं नाव आलं आणि एक क्षण मला इतका आनंद झाला, इतका, की तो माझ्या तोंडावर दिसला. बाबांनी तो पाहिला. तेवढ्यावरूनच ते म्हणाले, चोर ती चोर आणि हसतेस वर.” तिचे डोळे भरून आले. “त्या ताऱ्यासाठी मी शिकत असल्यापासून वाट पाहिली. पण आता मला तो नको. मी त्या शास्त्रज्ञांना माझं नाव पक्कं म्हणूनही लिहिणार नाही आणि बाबांचं नाव घाला म्हणूनही लिहिणार नाही. जे मी घेतलं नाही, ते परत कसं करू?”

मावशीला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला आणि तिने तो ठेवला. दावे तपासताना असं करायची परवानगी नसायची.

प्रकरण मात्र विचित्र होतं. दोघांनाही तारा हवा होता, दोघंही हात लावायला तयार नव्हते, आणि संध्याकाळी तो अनामिक होऊन जाणार होता. आणि त्याबरोबर ही मुलगीही घराबाहेर.

“बाबांचा साक्षीदार कोण?” मावशीने विचारलं.

सूनबाईने भिंतीकडे बोट केलं. भिंतीपलीकडून शिवणयंत्राचा आवाज येत होता, आणि त्याच क्षणी तो थांबला. भिंत कान देऊन ऐकत होती.

४

शेजारच्या घरात शिवणकाम करणाऱ्या काकू राहायच्या. सगळी इमारत त्यांना बॉबिनकाकू म्हणायची. इमारतीत कुठे काय चाललंय ते त्यांना भिंतीतून कळायचं आणि इतरांना त्यांच्याकडून. अकरा नंबरची जादा चावीही त्यांच्याकडेच असायची. मावशीने ही गोष्टही सोडली नाही.

“माझ्यावर संशय?” बॉबिनकाकू खूश झाल्या. “अहो, मला कॉम्प्युटरचं बटणसुद्धा कुठे असतं माहीत नाही. पण मला सगळं ऐकू येतं. बघा, माझं यंत्र त्या भिंतीला लागून, तुमचा तो रिकामटेकडा भिंतीच्या पलीकडे.”

“रविवारचं सांगा. सावकाश.”

“सावकाश काय, एका वाक्यात सांगते. तुमची ताई घरात होती तोवर कॉम्प्युटर बंद होता. ती गेली आणि चालू झाला. तो संध्याकाळी बापलेक येईपर्यंत चालूच. घरात कोण होतं? एकटी सून. मी काही तिचं वाईट चिंतत नाही, पण जे आहे ते आहे.”

भावोजींनी हाच हिशेब मांडला होता. ताईला दुपारी घरघर सहन होत नाही, पडायचं असलं की ती बटण दाबून टाकते, हे तेही सांगत होते. म्हणजे ताईने बंद केला, ताई गेल्यावर सुनेने चालू केला, लिहिलं, आणि तसाच ठेवला. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. कंपनीत असा जबाब आला असता तर साहेबांनी लगेच शिक्का मारला असता.

मावशीला नेमके असेच जबाब आवडायचे. जिथे सगळं चपखल बसतं, तिथे कोणीतरी न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगितलेलं असतं, हा तिचा अनुभव होता.

“काकू, कॉम्प्युटर बंद होता, हे तुम्ही पाहिलंत?”

“पाहायला कशाला हवं? आवाज नव्हता!”

“आणि चालू झाला?”

“घरघर सुरू झाली की!”

मावशीने स्वतःला आवरलं आणि आवाज अगदी साधा ठेवला.

“ही घरघर ताई गेल्यावर किती वेळाने सुरू झाली?”

“गेल्यावर लगेच. म्हणजे...” बॉबिनकाकूंनी तोंडातली टाचणी काढली. “थांबा हं. ताईंनी दारातून हाक मारली, येते हं काकू, म्हणून. मी उठून बाहेर आले. सूनबाई डोळे चोळत दाराशी उभी होती, केस सगळे विस्कटलेले. आणि मला ताईंचं बोलणं नीट ऐकू येईना, कारण आतून... अगंबाई!”

“आतून घरघर येत होती.”

“येत होती! म्हणजे ताई असतानाच चालू झाला होता! पण मग तो चालू कोणी केला? सून तर नुकती उठली होती!”

“कोणीच नाही,” मावशी म्हणाली आणि उठली. तिचे गुडघे कुरकुरले, पण आज त्यांच्याकडे लक्ष द्यायला तिला वेळ नव्हता. “काकू, जागच्या हलू नका. मी भावोजींना घेऊन येते. तुम्हाला एक प्रयोग दाखवायचाय, आणि तो तुम्ही डोळे मिटून पाहायचाय.”

५

मावशीने आधी सूनबाईला कॉम्प्युटरसमोर बसवलं. “मी हाक मारेपर्यंत काहीही टाइप कर. थांबू नकोस.” मग तिने भावोजींना जवळजवळ ओढतच शेजारी नेलं. भाचा नाक पुसत मागोमाग आला.

“काकू, भिंतीला कान लावा. काय चाललंय?”

बॉबिनकाकूंनी डोळे मिटले. “काही नाही. कॉम्प्युटर बंद आहे.”

“कोणी बंद केला?” भावोजी चवताळले. “एक तुकडा अर्ध्यावर आला होता त्याचा!” आणि ते तसेच घराकडे धावले.

मावशी त्यांच्या मागे पोचली तेव्हा ते दारातच थबकले होते. पडदा लख्ख उजळला होता. सूनबाई पाठमोरी बसून भराभर टाइप करत होती. खोलीत बोटांच्या टकटकीखेरीज आवाज नव्हता.

“हा तर चालू आहे,” भावोजी हळूच म्हणाले.

“आहे ना! भिंतीपलीकडे मात्र बंद आहे. आता सगळे बाहेर या. सूनबाई, तूही. कोणी काही हात लावायचा नाही.”

सगळे जिन्याजवळ उभे राहिले. खोली रिकामी. भावोजी एकदा आत डोकावले, मावशीने त्यांना बाहीला धरून मागे घेतलं. जरा वेळाने आत पंखा आधी कण्हला, मग चढला, आणि मग पुरता घरघरू लागला. शेजारच्या दारातून बॉबिनकाकूंचा आवाज आला, “झाला बघा चालू!”

“कोण आहे आत?” मावशीने विचारलं.

“कोणी नाही,” भाचा म्हणाला.

“भावोजी, तुम्हीच सकाळी सांगितलंत मला. आपण वापरत नसलो की हा काम करतो. तुमच्या या पठ्ठ्याचं सगळं उलटं आहे. माणूस बसला की गप्प, माणूस उठला की ओरडतो. काकूंना आवाज म्हणजे चालू आणि शांतता म्हणजे बंद. त्यांनी जे ऐकलं ते खरं होतं, शब्द तेवढे त्यांचे स्वतःचे होते, आणि तुम्ही शब्दांवर विसंबलात. ताई गेल्यापासून तुम्ही येईपर्यंत हा घरघरत होता. म्हणजे तेवढा सगळा वेळ त्याला कोणी बोटसुद्धा लावलं नाही.”

भावोजींनी सुनेकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही. त्यांचा चेहरा उतरला, आणि तो उतरताना पाहणं मावशीला जड गेलं.

“मी हिला चोर म्हटलं,” ते म्हणाले. “चुकलो गं पोरी. फार चुकलो.”

सूनबाईने पदरासारखं धरलेलं ओढणीचं टोक हातातून सोडलं.

“पण मग लिहिलं कोणी?” भाच्याने विचारलं. “शांत होतं तेव्हा घरात... मावशी, तेव्हा तर...”

“तेव्हा बैठकीच्या खोलीत एकच माणूस जागं होतं.”

“ती?” भावोजी हसलेच. “अहो, तिला कॉम्प्युटरचा गंध नाही! बटण दाबून बंद करण्यापलीकडे तिने त्याला हात लावलेला नाही!”

“कॉम्प्युटरचा नसेल,” मावशी म्हणाली. “चला आत.”

आतल्या खोलीत जाऊन तिने सूनबाईची बॅग उचलून पलंगावर ठेवली आणि खालचं कापड ओढलं. धुळीचा लोट उठला. खाली इंग्रजी टाइपरायटर होता, काळा, जुना, जड. ताईने आयुष्यभर त्यावर लोकांचं लिखाण टाइप करून दिलं होतं.

“भावोजी, यावर तुमच्या घराचा क्रमांक टाइप करा. अकरा.”

भावोजी वाकले. आकड्यांची ओळ पाहिली. बोट डावीकडून उजवीकडे फिरवलं, परत आणलं. “दोनपासूनच सुरू होतात. एक कुठेय?”

“नाहीच. जुन्या यंत्रांवर पुष्कळदा नसायचा. टाइप करणाऱ्या बायका एकच्या जागी छोटा एल मारायच्या. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. तीस वर्षं ज्या बोटांनी तसं मारलं, ती बोटं कॉम्प्युटरवर बसली तरी तसंच मारणार. शास्त्रज्ञांना तुमच्या पत्त्यातलं एल-एल कळलं नाही. तुमच्या दारावर ते पितळेत लिहिलंय!”

६

ताईने फोन उचलला तेव्हा मागे नवं बाळ मोठमोठ्याने रडत होतं आणि ताई त्याहून मोठ्याने बोलत होती.

“छापलं का? सांगा लवकर! छापलं का नाव?”

“ताई,” मावशी म्हणाली, “रविवारी तू कॉम्प्युटरवर बसली होतीस?”

“कळलं का तुला! तुझ्यापासून काही लपत नाही बाई. मानपत्र आल्यावर सगळ्यांना चकित करायचं होतं मला. पान उघडंच होतं, अक्षरं सगळी तिथल्या तिथे. त्या पट्टीवर बोटं नुसती पळत होती! लिहून झाल्यावर जरा सामान आवरतेय, तोवर ते घरघरायला लागलं. मला वाटलं, मोडलं की काय.”

भावोजी फोनवर वाकले. “अगं, पण माझं नाव? मला एकदा विचारायचंस तरी.”

पलीकडे ताई गोंधळली. “तुमचं? अहो, तुम्हीच तर येईल-जाईल त्याला सांगता, जोडलाय सुनेने, मी आपला धूळ पुसतो. मला ते खरंच वाटलं. तुम्हाला हवं होतं का?”

ते वाक्य आपण कशासाठी म्हणत होतो, हे भावोजींना त्या क्षणी कळलं असावं. समोरच्याने ‘छे छे, तुम्हीच खरे’ असं म्हणावं, यासाठी. सगळे म्हणायचे. घरातल्या एकाच माणसाने त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला होता.

“आणि सुनेला का नाही सांगितलंस?” मावशीने विचारलं.

“ती नको म्हणाली असती. मला माहीत आहे ती कशी आहे.” ताईचा आवाज जरा खाली आला. “तुला ठाऊक आहे ना, मी लोकांचे किती प्रबंध टाइप केले. पहिल्या पानावर नाव, पुढच्या पानावर आभार. गुरूंचे आभार, बायकोचे आभार, ग्रंथालयाचे. एकाने तर आपल्या कुत्र्याचे मानले होते, तेही मीच टाइप केलं, एक चूक न करता. माझं नाव कोणी घातलं नाही. मी कधी बोलले नाही, कारण कामाचे पैसे मिळत होते. पण या मुलीने शिक्षण सोडलं, यंत्र घेऊन आली, आणि तेही कोपऱ्यात ठेवून लोकांचे डोळे तपासायला गेली. म्हटलं, एवढ्या वेळी तरी ज्याचं काम त्याचं नाव पडू दे. वेडेपणा केला का मी काही?”

सूनबाई तोंडावर हात ठेवून उभी होती.

“नाही,” भावोजी म्हणाले. “वेडेपणा मी केला. तू फोन ठेवू नकोस. मी आलोच.”

ते बैठकीच्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

आत घरघर चालली होती. मग एकाएकी थांबली. मावशी, भाचा, सूनबाई आणि दाराच्या फटीतून आलेल्या बॉबिनकाकू, सगळे श्वास रोखून त्या शांततेकडे कान लावून उभे राहिले. एकेक अक्षर शोधून मारल्याचा आवाज येत होता. टक. बराच वेळ काही नाही. टक. बाहेर ऊन कलू लागलं होतं. भाच्याने घड्याळाकडे पाहिलं, मावशीने त्याचं मनगट खाली दाबलं. टकटक संपली, खुर्ची सरकली, तरी ते बाहेर येईनात. मग पंखा कण्हला, चढला, आणि रिकामटेकडा पुन्हा आपल्या कामाला लागला.

भावोजी दार उघडून बाहेर आले. कपाळावर घाम होता. क्रेनवरून अवजड माल अचूक जागी उतरवून खाली आल्यावर ते असेच दिसायचे.

“चौकट फार लहान आहे,” ते म्हणाले. “पण तिन्ही बसवली. आकडेसुद्धा आकड्यांनीच लिहिले.”

“तिन्ही कोणती?” मावशीने विचारलं.

“यंत्र जोडलं आणि कामाला लावलं, तिथे सुनेचं. पहिलं तेच. धूळ पुसली, तिथे माझं. वडिलांचं नाव नाही घातलं, जागा हवी होती.” ते फोनकडे वळले. “आणि खाली लिहिलंय, टंकलेखन. त्याच्यापुढे तुझं. पूर्ण नाव. ऐकतेस ना? लगेच उत्तर आलंय त्यांचं. म्हणाले, कोणत्याही ताऱ्याच्या बातमीत टंकलेखकाचं नाव त्यांनी आजवर छापलेलं नाही. पण हे छापतायत.”

बॉबिनकाकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि सूनबाई आतल्या खोलीत जाऊन पलंगावरची बॅग उपडी करून आली.

फोनमधून काहीच येत नव्हतं. बाळही गप्प झालं होतं.

“लाइन तुटली वाटतं,” भाचा म्हणाला.

“नाही रे,” मावशी म्हणाली. “आहे ती तिथेच.”